अकरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारीच्या क्लबमध्ये घालण्याआधी काय पाहावे?

प्रश्न: कोथरूडची आई

माझी मुलगी अकरा वर्षांची असून यंदा सहावीत आहे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही माथेरानला गेलो होतो. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरीपासून मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत ती घोड्यावर बसून गेली आणि घरी परतल्यावर आठ दिवस दुसऱ्या कशाविषयी बोललीच नाही. मुलांची अशी खुळे येतात आणि जातात, म्हणून मी फारसे लक्ष दिले नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक डौलदार हालचाली करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवले. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा या चौघांचे वर्तमानपत्रातले छायाचित्र तिने कापून अभ्यासाच्या टेबलावर चिकटवले, ते आजही तिथेच आहे. तीन वर्षे टिकलेल्या हट्टाला खूळ म्हणता येत नाही, असे आता मला वाटू लागले आहे.

घरातली मते मात्र एक नाहीत. माझ्या यजमानांच्या मते हा श्रीमंतांचा षोक आहे आणि आपल्यासारख्या नोकरदारांनी त्या वाटेला जाऊ नये. सासूबाईंना पडण्याची धास्ती आहे. शिरूर तालुक्यात शेती असलेल्या चुलत दिरांनी तर तिसराच तोडगा काढला आहे. क्लबला पैसे भरण्यापेक्षा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक घोडी आणून शेतावर बांधावी आणि पोरीला रविवारी तिकडे पाठवावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी स्वतः शहराबाहेरचे दोन क्लब पाहून आले. पहिल्या ठिकाणी आवार देखणे होते, दहा दिवसांचे शिबिर होते, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि छायाचित्रे मिळणार होती आणि तिसऱ्या दिवसापासून मूल घोडा पळवू लागेल असे सांगण्यात आले. दुसरे ठिकाण जास्त लांब आणि बरेच साधे होते. तिथली मुले पाऊण तास घोड्यांना खरारा करत होती, शेण उचलत होती आणि त्यानंतर जेमतेम अर्धा तास घोड्यावर बसली. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने परतताना विचारले की पैसे भरून शेण कशाला उचलायचे, आणि मला त्यावर उत्तर सुचले नाही.

मुलीला चष्मा आहे. तिचे वय योग्य आहे का, दोन्हींपैकी कोणत्या पद्धतीचा क्लब निवडावा, सुरक्षिततेसाठी नेमके काय तपासावे आणि खर्च कुठवर जातो, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १: निवृत्त रिसालदार, सातारा

ताई, मी लष्करात चोवीस वर्षे घोड्यांबरोबर काढली आणि निवृत्तीनंतर अनेक वर्षे शाळकरी मुलांना स्वारी शिकवली. आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

माथेरानला आपली मुलगी घोड्यावर बसली होती, परंतु घोडा चालवत होता तो घोडेवाला. तो पुढे दोरी धरून चालत होता आणि घोड्याचे सगळे लक्ष त्याच्याकडे होते. क्लबमध्ये मुलाने शिकायचे असते ते हे, की दोरी दुसऱ्या कोणाच्या हातात नसताना साडेचारशे किलोच्या जनावराने आपले का ऐकावे. त्याची सुरुवात पाठीवर बसून होत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, मात्र अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे असते. कान मागे पाडले म्हणजे तो रागावला आहे, एक कान आपल्याकडे वळवला म्हणजे तो आपले ऐकतो आहे, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना त्याने पोट फुगवले तर दोन मिनिटांनी तंग पुन्हा तपासायचा, या गोष्टी पुस्तकातून कळत नाहीत. त्या खरारा करताना कळतात. खोगिराखाली एखादा काटा किंवा वाळलेल्या चिखलाचा खडा राहिला तर घोडा उसळतो आणि मूल खाली येते, त्यामुळे साफसफाई ही सुरक्षिततेचीच पहिली पायरी आहे. आपण पाहिलेल्या दुसऱ्या ठिकाणी पैसे घेऊन शेण उचलायला लावत नसून शिक्षणाचा पहिला अर्धा भाग शिकवत आहेत.

तिसऱ्या दिवशी घोडा पळवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. घोडा पळवणे अवघड नाही, कारण घोडा पळायला तयारच असतो. अवघड असते ते थांबवणे. चांगला शिक्षक नवशिक्याला आधी लंजिंगवर घेतो, म्हणजे घोड्याला लांब दोरीवर स्वतःभोवती गोल फिरवतो, जेणेकरून घोडा शिक्षकाच्या ताब्यात राहतो आणि मुलाला फक्त आपली मांड सांभाळायची असते. कदम चालीत घोड्याची चार पावले चार ठोक्यांत पडतात आणि त्यावर कोणीही बसू शकतो. दुडकी सुरू झाली की खरी परीक्षा होते, कारण त्यात तिरपे समोरासमोरचे पाय, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा असे, जोडीने उचलले जातात, दोनच ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला स्वार खोगिरावरून उडतो. लष्करात आम्ही हिला दुलकी म्हणत असू आणि नव्या रंगरुटाला रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून आठवडेच्या आठवडे त्याच चालीत फिरवत असू. मुलांबाबत इतके कठोर होण्याचे कारण नाही, परंतु आठवड्यातून दोन तास घेतले तर दुडकीवर स्थिर बसायला दोन-तीन महिने लागतात असा माझा अनुभव आहे. त्याआधी मुलाच्या हाती पूर्ण लगाम दिला तर ते लगाम धरूनच तोल सांभाळते आणि त्याचा सगळा भार घोड्याच्या तोंडावर येतो. बिचारा घोडा काही दिवस सोसतो, मग मान झटकायला शिकतो आणि पालक म्हणतात की घोडा खोडकर आहे.

वय योग्य आहे. सात-आठ वर्षांच्या आधी पायांची लांबी आणि लक्ष देण्याची क्षमता दोन्ही अपुरी पडतात, तर अकराव्या वर्षी मूल सूचना ऐकून शरीराचा एकेक भाग वेगळा वापरू शकते. चष्म्याची काळजी नको. न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्याव्यात आणि मागून पट्टा लावावा.

पडण्याविषयी सासूबाईंना खोटा दिलासा देणार नाही. जो घोड्यावर बसतो तो कधी ना कधी पडतोच. पण वाळूच्या रिंगणात, दुडकी चालीत, हेल्मेट घालून पडणे आणि डांबरी रस्त्यावर भरधाव घोड्यावरून पडणे यांत फार अंतर आहे आणि चांगला क्लब मुलाला पहिल्या प्रकारापुरतेच ठेवतो. हेल्मेट सायकलचे चालणार नाही, क्रिकेटचेही नाही. घोडेस्वारीसाठीच बनवलेले, एएसटीएम एफ ११६३ किंवा व्हीजी १ असा मानकाचा शिक्का असलेले आणि हनुवटीखाली घट्ट बसणारे हवे. एकदा जोराने आपटले की ते बाहेरून धड दिसले तरी बदलावे. पायात किंचित टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट हवा. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकतो आणि स्वारीतले सर्वांत वाईट अपघात पडण्याने नव्हे तर पडल्यावर फरफटण्याने होतात. शिक्षक दिवसभर टाच खाली, टाच खाली असे ओरडतात ते याचसाठी.

श्रीमंतांच्या षोकाविषयी आपल्या यजमानांना एवढेच सांगा की १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे, म्हणजे ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या अशा तिहेरी प्रकाराचे, सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्कराच्या ६१ कॅव्हलरी या घोडदळाचे होते आणि राजस्थानातल्या खेड्यातून आले होते. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये आणि नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी पूर्वीपासून शिकवली जाते आणि तिथे शिकून गेलेल्यांत शेतकऱ्यांची मुलेही पुष्कळ आहेत.

उत्तर २: दोन मुलांचा बाप

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आम्ही ते अनुभवाने शिकलो म्हणून लिहितो. माझ्या मुलाला नवव्या वर्षी आम्ही अशाच एका देखण्या आवाराच्या शिबिरात घातले होते. क्लबचे नाव घेत नाही, कारण मला भांडण उकरून काढायचे नाही. एका तासाला चौदा मुले, सहा घोडे आणि एक शिक्षक अशी व्यवस्था होती. उरलेले काम सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी मंडळी करत. ती माणसे प्रामाणिक होती, परंतु शिकवणे हे त्यांचे काम नव्हते. पाचव्या दिवशी मुलाला कॅन्टर करायला लावले, म्हणजे दुडकी नीट येण्याआधीच त्यापुढची चाल. शेजारच्या घोड्याने लाथ उगारली, आमचा घोडा बाजूला उडाला आणि मुलगा पडून त्याचे मनगटाजवळचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. मनातली भीती जायला दोन वर्षे लागली.

पुढची गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. पहिल्या दिवशी घाईघाईत ज्या कागदावर मी सही केली होती, तो कोणत्याही दुखापतीला क्लब जबाबदार नाही असे मान्य करणारे हमीपत्र होते. असे हमीपत्र बहुतेक सगळीकडे घेतात आणि त्यात वावगे काही नाही, पण ते वाचून सही करावी. अपघाती विमा आहे का, प्रथमोपचाराची पेटी कुठे असते, ती उघडायला येणारे माणूस त्या वेळी हजर असते का आणि जवळचे रुग्णालय किती लांब आहे, हे त्याच वेळी विचारावे. मी यातले काहीही विचारले नव्हते. धनुर्वाताचे इंजेक्शन मुलाला वेळेवर दिलेले आहे की नाही हे मला त्या दिवशी रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले तेव्हा आठवावे लागले. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

मुलगा आता दुसऱ्या ठिकाणी जातो. तिथे एका शिक्षकाकडे एका वेळी चारच मुले असतात.

उत्तर ३: पशुवैद्य

मी मोठ्या जनावरांचा पशुवैद्य आहे आणि घोड्यांवर उपचार करतो. पालक क्लब पाहायला येतात तेव्हा रिंगण पाहतात, उपाहारगृह पाहतात, कधी कधी प्रसाधनगृहही पाहतात, पण घोडे फार थोडे लोक पाहतात. यासाठी पशुवैद्यकाचे ज्ञान लागत नाही.

सकाळी न कळवता जावे आणि तबेल्यात पाच मिनिटे उभे राहावे. घोड्याच्या बरगड्या हाताला जाणवाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. पाठीवर, मानेच्या बुडाशी जिथे खोगीर बसते तिथे, आणि तंगाखाली जखमा किंवा केस पांढरे झालेले चट्टे असतील तर खोगीर मापाचे नाही आणि तसे असूनही काम घेतले जाते असे समजावे. खूर फाटलेले, नाल सैल झालेली असेल तर नालबंद वेळेवर येत नाही. साधारण सहा आठवड्यांनी त्याने यायला हवे. पाण्याच्या हौदात शेवाळ आहे का ते पाहावे. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे त्याचे पोटदुखीचे दुखणे जिवावर बेतते. पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडकून ते लवकर उद्भवते. शेवटी माणूस जवळ गेल्यावर घोडा काय करतो ते पाहावे. उत्सुकतेने मान पुढे करतो, की कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवतो? ज्या तबेल्यातले सगळेच घोडे पाठ फिरवतात त्या तबेल्यात मी माझे मूल पाठवणार नाही.

दुसरी बाब घोडा कुठून आला याची. पुण्या-मुंबईकडच्या क्लबांमधले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, त्यामुळे दरवर्षी इथे असे घोडे उपलब्ध होतात आणि ते तुलनेने स्वस्तही मिळतात. ते वाईट नसतात, उलट अनेक जण फार शहाणे असतात. पण शर्यतीच्या घोड्याला शिकवलेले असते की लगामावर ताण आला म्हणजे त्यावर भार टाकून आणखी जोरात पळायचे. आता कल्पना करा की घाबरलेले मूल थांबवण्यासाठी लगाम खेचते आहे आणि घोड्याला त्याचा अर्थ अगदी उलटा लागतो आहे. हा अर्थ बदलायला चांगल्या प्रशिक्षकालाही काही महिने लागतात. म्हणून हा घोडा शर्यत सोडून किती दिवस झाले आणि यावर याआधी नवशिकी मुले बसली आहेत का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पंधरा-सोळा वर्षांचा, थोडा सुस्त, काहीसा कंटाळलेला घोडा नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम. मुलांना तो आवडत नाही ही गोष्ट वेगळी.

घोडा लहान असला म्हणजे सुरक्षित असतो हा समजही सोडावा. साधारण १४८ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या घोड्याला पोनी म्हणतात, आणि काही पोनी इतके लबाड असतात की त्यांच्यापुढे मोठा घोडा म्हणजे देवमाणूस.

आपल्या दिरांच्या सूचनेबद्दल थोडे लिहितो, कारण ती सूचना मी वर्षातून चार वेळा तरी ऐकतो. सारंगखेड्याचा बाजार तापीकाठी दत्तजयंतीला भरतो आणि तो पाहण्यासारखाच आहे. तिथले मारवाडी घोडे, आत वळलेले त्यांचे कान आणि नाचवून दाखवण्याची पद्धत, हे सगळे मन मोहून टाकते. पण नाचायला शिकवलेला घोडा अकरा वर्षांच्या नवशिक्या मुलीसाठी नसतो. शिवाय घोडे घेणे म्हणजे एकदाचा खर्च नव्हे. त्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे आठ-दहा किलो चारा-चंदी लागते, जंतांचे औषध, लसी, नालबंद आणि रोज त्याला फिरवणारा माणूस लागतो. रविवारीच जिच्यावर खोगीर चढते ती घोडी सहा दिवसांचे सगळे चापल्य त्या एका तासात दाखवते. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून खरेदीआधी रक्ताची तपासणी झालेली असणे आवश्यक आहे. बाजारात भाव करताना हा प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही.

उत्तर ४: दुडकी

काकू, मी सतरा वर्षांची आहे आणि बाराव्या वर्षापासून स्वारी करते आहे, म्हणून मुलीच्या बाजूने लिहिते.

पहिले सहा महिने मला आवडले नव्हते, हे कोणी सांगत नाही. मांड्या इतक्या दुखत की जिना उतरता येत नसे. वर्गातल्या मुली विचारत की आज किती उंच उडी मारलीस आणि मी त्या दिवशी गोल गोल फिरून आलेली असे. दुडकीत ठोक्याबरोबर उठायचे आणि बसायचे असते. रिंगणाच्या कठड्याकडचा घोड्याचा खांदा पुढे गेला की उठायचे, मागे आला की बसायचे. मी चार महिने मान खाली घालून तो खांदा बघत होते. मग एके दिवशी न बघता कळले. तो दिवस मला नीट आठवतो, पहिले पदक मिळाल्याचा दिवस तितका आठवत नाही.

स्पर्धांची घाई करू नका. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत १२ ते १४ वयाची मुले आणि १४ ते १८ वयाचे ज्युनियर असे गट असतात आणि आपल्याकडेही कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा होतात, म्हणजे तिच्यासमोर वेळ भरपूर आहे. ऑलिंपिकमध्ये मुलगे आणि मुली एकाच गटात खेळतात असा हा खेळ आहे, हे तिला आवडेल. ड्रेसाजमध्ये बायकांना १९५२ पासून प्रवेश मिळाला, त्याआधी तो लष्करी अधिकाऱ्यांचाच मानला जाई.

पैशांविषयी खरे सांगायचे तर पहिल्या पातळीवर हा छंद संगीताच्या किंवा टेनिसच्या चांगल्या शिकवणीपेक्षा महाग आहे, पण आवाक्याबाहेर नाही. स्वतःचा घोडा घेण्याची वेळ आली की घोडे पेंड खाते. हांगझोऊला जिंकलेले चौघेही युरोपात राहून वर्षानुवर्षे तयारी करत होते, ते सगळ्यांना जमणार नाही. मी पुढच्या वर्षी महाविद्यालयात गेल्यावर एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत जायचा प्रयत्न करणार आहे. तिथे घोडे सरकारचे असतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात छात्रांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात.

एप्रिल-मेमध्ये सुरुवात करू नका. सकाळी आठनंतर हेल्मेटच्या आत डोके भाजते आणि घोडाही वैतागलेला असतो. पावसाळ्यात रिंगण चिखलाने बंद राहते. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले.

उत्तर ५: लेस्टरवासी

गेली चौदा वर्षे मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझी मुलगी इथल्या पोनी क्लबची सभासद आहे. रिसालदारसाहेबांचे उत्तर वाचून मला हसू आले, कारण इथली पद्धत नेमकी तीच आहे.

पोनी क्लबची स्थापना १९२९ साली झाली. पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी तो आहे आणि सभासद होण्यासाठी स्वतःचा घोडा असण्याची अट नाही. अनेक रायडिंग स्कूल त्याची केंद्रे म्हणून काम करतात आणि तिथल्याच घोड्यांवर मुले शिकतात. क्लबच्या पायरीपायरीने वर जाणाऱ्या परीक्षा असतात. त्यांत स्वारीइतकेच महत्त्व घोड्याच्या देखभालीला असते. माझ्या मुलीला पहिल्या परीक्षेत घोड्याच्या शरीराच्या भागांची नावे, त्याला काय खायला घालावे आणि सपाट तळहातावर गाजर कसे द्यावे हे विचारले होते. घोडा किती वेगाने पळवतेस हे कोणी विचारले नाही. वरच्या परीक्षांत आजारी घोड्याची लक्षणे आणि नालेचे प्रकारही येतात.

सुरुवातीला मलाही वाटले होते की मी स्वारीचे पैसे भरतो आणि मुलगी घाण उपसते. शनिवारी ती सकाळी आठला तबेल्यात जाते आणि दुपारी परतते, त्यात घोड्यावर जेमतेम तासभर असते. परंतु जी मुले फक्त तासापुरती येतात आणि जातात ती दोन वर्षांत सोडून देतात, आणि जी तबेल्यात रमतात ती टिकतात, एवढे मी पाहिले आहे. मैत्री त्या चिखलातच होते. आमच्या गुजराती शेजाऱ्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच लंगड्या पोनीच्या पायाला पट्टी बांधता बांधता जिवलग झाल्या.

इथे रायडिंग स्कूलला स्थानिक प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी पशुवैद्याकडून घोड्यांची तपासणी होते. भारतातल्या पालकांना ही तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी लागणार, म्हणून उत्तर ३ मधील पशुवैद्यांची सूचना मला फार मोलाची वाटते. इथे पालकांना ती करता येत नाही असे नाही, पण परवाना भिंतीवर टांगलेला दिसला की आम्ही आळशी होतो.

कोथरूडची आई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरांची छापील प्रत काढून यजमानांना वाचायला दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि शुल्काविषयीचा परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित केला, म्हणजे विरोध मावळला असे मी धरून चालले आहे. सासूबाईंनी हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिले.

पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही ठिकाणी न कळवता सकाळी गेले. पहिल्या ठिकाणी तबेल्याकडे जाऊ दिले नाही. घोडे विश्रांती घेत आहेत, पाहायचे असल्यास चारनंतर या, असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी फाटक उघडेच होते, एक सईस चंदी भिजवत होता आणि त्याने मला विचारले की तुम्हाला कोणता घोडा पाहायचा आहे. मी म्हटले, सगळेच. त्याने हातातले काम बाजूला ठेवून सगळे दाखवले. एका घोडीच्या पाठीवर जुन्या जखमेचा चट्टा होता. मी विचारण्याआधीच त्याने सांगितले की ती तशीच आली होती आणि तिच्यासाठी वेगळे खोगीर आहे. एका शिक्षकाकडे पाच मुले असतात हेही तिथेच कळले.

मुलीचे तिथे तीन आठवडे झाले. तिला जी घोडी दिली आहे ती पूर्वी शर्यतीत पळत असे, पण त्याला आठ वर्षे झाली आणि आता तिला पळण्याची मुळीच इच्छा नाही. स्वारीबद्दल मुलीची तक्रार नाही. तक्रार आहे ती खुरांबद्दल. बसण्याआधी चारही खूर साफ करायचे असतात आणि घोडी तिला डावा पुढचा पाय उचलूनच देत नाही. शिक्षकांनी हात लावला की लगेच उचलते, हिने लावला की पाय जमिनीत रुतल्यासारखा घट्ट ठेवते. परवा ती घरी येऊन रडली. शिक्षक म्हणतात की तिला स्वतःहून जमू द्या, घाई करू नका. रिसालदारसाहेब, यासाठी काही युक्ती आहे का?

निवृत्त रिसालदार, सातारा

शिक्षक बरोबर सांगत आहेत, तरी एवढे सांगितल्याने त्यांचा मान कमी होणार नाही. मुलगी बहुधा घोडीच्या तोंडाकडे बघत वाकून पाय ओढत असेल. तिला घोडीच्या खांद्याला खेटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहायला सांगा. डावा हात खांद्यावरून हळूहळू खाली, गुडघ्याच्या मागून, नळीवरून खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत न्यावा आणि हात खाली जात असताना आपल्या खांद्याने घोडीच्या खांद्यावर किंचित रेलावे, म्हणजे तिचा भार पलीकडच्या पायावर जातो. ज्या पायावर भार आहे तो पाय कोणतीही घोडी देत नाही, मग उचलणारा रिसालदार का असेना. भार सरकला की सांध्याच्या वरची शीर हलकेच दाबून तोंडाने उचल म्हणावे, रोज तोच शब्द आणि तोच आवाज. खूर हातात आला की साफ करण्याचा आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे फिरवावा, मधल्या मऊ त्रिकोणावर टोचू नये. आणि काम झाल्यावर पाय सोडून देऊ नये, हाताने खाली टेकवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी घोडी तो पुन्हा देते.